वणवा, एकच रस्ता आणि फौज: फोर्ट मॅकमरेवरून पुण्याच्या टेकड्यांबद्दल

वेताळपायथा

दर उन्हाळ्यात टेकड्यांवर वणवे लागायला लागले की या मंचावर दोन-चार दिवस फोटो येतात, हळहळ व्यक्त होते आणि पहिला पाऊस पडला की विषय मागे पडतो. आज मला आग विझवण्याबद्दल नाही, माणसं बाहेर काढण्याबद्दल विचारायचं आहे.

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात फोर्ट मॅकमरे नावाचं शहर आहे. तेलमिश्रित वाळूच्या खाणींवर वाढलेलं, चारही बाजूंनी सूचिपर्णी जंगल. १ मे २०१६ ला शहराच्या नैर्ऋत्येला आग दिसली. ३ मेला पारा ३२ अंशांच्या वर गेला, त्या भागात मेच्या सुरुवातीला हे भलतंच. वारा फिरला आणि दुपारी आग वस्तीत शिरली. संध्याकाळपर्यंत सगळं शहर रिकामं करायचा आदेश निघाला होता. सुमारे ८८ हजार माणसं, आणि बाहेर पडायला महामार्ग म्हणावा असा एकच, हायवे ६३. एडमंटन हे मोठं शहर तिथून चारशे किलोमीटरहून लांब.

जवळपास २,४०० इमारती जळाल्या. बीकन हिल, वॉटरवेज, अबासँड या वस्त्यांत रस्तेच्या रस्ते राख झाले. तरीही ज्वाळांत सापडून एकही माणूस गेला नाही. बाहेर पडताना रस्त्यावर झालेल्या अपघातात दोन तरुण जीव गेले, ते दुःख आहेच. पण ८८ हजारांतून आगीने एकही नाही, हे कसं जमलं?

विचारायचं कारण उघड आहे. सूस, बावधन, पाषाण, वारजे, कात्रज, टेकडीला खेटून आपण सगळीकडे राहायला गेलो आहोत. आमच्याकडे टेकडीच्या बाजूचं फाटक सुरक्षेसाठी कुलूपबंद असतं आणि पुढच्या रस्त्यावर दुतर्फा गाड्या लावलेल्या असतात. अग्निशमनची गाडी एका रात्री त्या गाड्यांमुळे कोपऱ्यावरच अडली. तिथल्या अनुभवातलं फौजेचं काय, लोकांचं काय, आणि आपल्याला त्यातलं काय घेता येईल? ज्यांना माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहा.

निवृत्त सॅपर

विषय चांगला काढलात. मी फौजेत इंजिनिअर्समध्ये होतो, म्हणून त्याच बाजूने लिहितो.

फोर्ट मॅकमरे फौजेने रिकामं केलं नाही. लोक आपापल्या गाड्यांतून निघाले, पोलिसांनी आणि अग्निशमन दलाने त्यांना वाट करून दिली. दोन्ही बाजूंना झाडं पेटलेली, पुढची गाडी धुरात दिसत नाही, आणि तरी रांग मोडली नाही. फौज आली ती प्रांताने मदत मागितल्यावर. कॅनडात अशा कामाला ऑपरेशन लेंटस म्हणतात आणि तिथलं धोरण असं की फौज हा शेवटचा आधार. स्थानिक यंत्रणा आधी, मग प्रांत, आणि त्यांच्याही हाताबाहेर गेलं तर सेना.

आली तेव्हा मात्र नेमक्या कामाला आली. चार ग्रिफन हेलिकॉप्टरं आणि एक हर्क्युलिस विमान. अडचण अशी झाली होती की सुमारे २५ हजार लोक दक्षिणेऐवजी उत्तरेला गेले होते, तेलकंपन्यांच्या कामगार छावण्यांत. त्या बाजूला रस्ता पुढे संपतो. परत यायचं तर जळणाऱ्या शहराच्या मधूनच. काहींना विमानांनी उचललं. बाकीच्यांसाठी ६ मेला पोलिसांनी पन्नास-पन्नास गाड्यांचे ताफे केले, पुढे-मागे पोलिसांची गाडी, वरून हेलिकॉप्टरची नजर. ज्वाळा रस्त्याला भिडल्या की ताफा थांबवायचा, उतरल्या की सोडायचा. ताफा चालवणं हे कवायतीचं काम आहे. कोण पुढे, दोन गाड्यांत अंतर किती, गाडी बंद पडली तर ढकलून बाजूला कोण करणार, हे सगळं इंजिन सुरू करण्याआधी ठरलेलं असावं लागतं.

पुण्याबद्दल सांगतो. सदर्न कमांडचं मुख्यालय इथे, खडकीला बीईजी हे सॅपर्सचं केंद्र, दापोडीला सीएमई हे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, सुदुंबऱ्याला एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, पाचवी बटालियन. त्यामुळे आपल्याला वाटतं फौज दारातच उभी आहे. पण ती जिल्हाधिकाऱ्यांनी मागणी केल्यावर निघते, आणि तेच योग्य आहे. २५ जुलै २०२४ च्या पुरात सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीत जवान उतरले, पण त्याआधी पहाटे पाणी घरात शिरलं होतं. म्हातारी माणसं वरच्या मजल्यावर नेली ती शेजाऱ्यांनी. पहिले काही तास कायम असेच जाणार, ते धरूनच आखणी करा.

एडमंटनवासी

मी मूळची कोथरूडची. त्या मे महिन्यात एडमंटनमध्येच होते, नॉर्थलँड्सच्या निवारा केंद्रावर मदतीला जात होते. सॅपरकाकांनी लिहिलं ते बरोबर आहे, लोकांची बाजू मी सांगते.

पहिली टंचाई पेट्रोलची. चारशे किलोमीटरची वाट, रांगेत तासन्‌तास इंजिन चालू, वाटेतले पंप कोरडे. शेकडो गाड्या हायवेच्या कडेला बंद पडल्या. मग दक्षिणेकडच्या गावांतून साधी माणसं पिकअपमध्ये पेट्रोलचे कॅन आणि पाण्याच्या बाटल्या भरून उलट्या दिशेने निघाली. बंद गाडीत पेट्रोल ओतायचं, पैसे घ्यायचे नाहीत, पुढच्या गाडीकडे जायचं. सरकारचा टँकर पोलीस बंदोबस्तात आला, पण या माणसांनी आपणहून जे केलं त्याला तोड नाही.

लाक ला बीश या लहानशा गावाने आपलं क्रीडा संकुल उघडलं आणि हजारो लोकांना सामावून घेतलं. उत्तरेला फोर्ट मॅके इथल्या आदिवासी समाजाने, त्यांची वस्ती जेमतेम काहीशे घरांची, दारं उघडली. कॅल्गरीत नुकत्याच आलेल्या सीरियन निर्वासितांनी आपापसांत सामान गोळा करून पाठवलं. ज्यांना स्वतःला घर सोडून काही महिनेच झाले होते, त्यांनी.

केंद्रावर मला सगळ्यात डोळ्यांत भरली ती कपड्यांची रास. दारापासून छतापर्यंत पिशव्या. ते निवडायला इतकी माणसं लागत की ज्यांना औषधं हवी होती त्यांच्याशी बोलायला माणूस उरत नसे. एक आजोबा मधुमेहाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं हातात धरून उभे होते, नाव वाचता येईना म्हणून पाकिटंच आणली होती. ती पाकिटं पाहून फार्मासिस्टने पाच मिनिटांत काम केलं. उपयोगी पडला तो रोख पैसा. रेड क्रॉसने माणशी ६०० डॉलर आणि मुलांसाठी ३०० डॉलर थेट खात्यात पाठवले, प्रांत सरकारने मोठ्या माणसामागे १,२५० डॉलरचं कार्ड दिलं. ज्याला डायपर हवेत तो डायपर घेईल, ज्याला बसचं तिकीट हवं तो तिकीट काढेल.

आणि परतणं ही वेगळीच गोष्ट. १ जूनपासून टप्प्याटप्प्याने सोडलं. ज्यांची घरं वाचली त्यांनाही सूचना होती की फ्रिज उघडू नका. महिनाभर वीज नसलेले फ्रिज, आत मटण, मासे. पट्ट्या चिकटवून आहे तसा बाहेर काढायचा. रस्त्याच्या कडेने पांढऱ्या फ्रिजच्या रांगा लागल्या होत्या.

तर्कनिष्ठ

माहिती उत्तम, पण तुलना ओढूनताणून वाटते. तिथल्या बोरियल, म्हणजे उत्तरेकडच्या थंड सूचिपर्णी जंगलात स्प्रूसची झाडं शेंड्यापर्यंत पेटतात, ठिणग्या वाऱ्यावर लांब उडतात आणि लाकडी घरांच्या छपरांवर, वळचणीत साठलेल्या सुक्या पानांवर पडतात. घरं बहुतेक वेळा अशी जातात, ज्वाळा पोचण्याआधीच. आपल्याकडे टेकडीवर कुसळी गवत, घाणेरी आणि वन खात्याने लावलेलं ग्लिरिसिडिया. गवताची आग जोरात पळते पण एका जागी काही मिनिटंच असते. काँक्रीटची बारा मजली इमारत त्याने पेटत नाही. उगाच लोकांना घाबरवून रस्त्यावर आणलंत तर चेंगराचेंगरीत जास्त माणसं जातील. खिडक्या लावून घरात थांबणं हाच बहुतेक वेळा शहाणपणा.

वेताळपायथा

तर्कनिष्ठ, काँक्रीटच्या इमारतींबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि ते इथे कुणीतरी स्पष्ट लिहायलाच हवं होतं. आमच्या सोसायटीतल्या धडधाकट माणसाने खिडक्या लावून थांबावं.

पण पायथ्याला फक्त सोसायट्या नाहीत. बांधकामांच्या लेबर कॅम्पकडे बघा. पत्र्याच्या खोल्या, वर ताडपत्री, प्रत्येक खोलीत छोटा सिलिंडर, मागची भिंत थेट गवताला टेकलेली. त्या खोल्यांना गवताची पाच मिनिटांची आगसुद्धा पुरते. तिथल्या बायका-मुलांना कुठल्या बाजूने पळायचं हे कोण सांगणार? आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यातलं कुणीही नाही.

मावळची लेक

आमच्याकडे वणवा म्हंजे बातमी नाही, दरवर्षीचं आहे. थोडं सांगते कारण शहरात सगळा दोष शेतकऱ्यावर टाकून मोकळे होतात.

भाताच्या रोपासाठी आम्ही राब भाजतो. पालापाचोळा, शेणी, कवळं अंथरून पेटवायचं, वर माती. ते वावरात होतं आणि माणूस शेवटपर्यंत तिथे उभा असतो. वारा असेल त्या दिवशी कुणी भाजत नाही. डोंगरावरचं गवत जाळलं की पावसात चारा चांगला फुटतो अशी समजूत आहे, त्यातूनही आगी लागतात, ते नाकारत नाही, आणि ते थांबायला हवं. जमिनीवर अंडी घालणारे चंडोल, लावे, टिटव्या यांचं त्याच दिवसांत सगळं संपतं. पण हल्ली निम्म्या आगी रस्त्याकडून वर चढतात. गाडी थांबवून सिगारेट टाकणारे, रात्री चूल मांडून तशीच सोडून जाणारे. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे, हे गावात सगळ्यांना माहीत आहे, येणाऱ्यांना नाही.

आग दिसली की गावात पोरं ओल्या डहाळ्या तोडून कडेकडेने झोडपत जातात, कधीच समोरून नाही. वन खात्याकडे आता ब्लोअर आहेत, त्याने पाला मागे सारतात. पण खरं काम आधीचं, जाळरेषा. फेब्रुवारी लागायच्या आत गवताचा पट्टा कापून, नियंत्रणात जाळून साफ केला की वणवा तिथे येऊन उपाशी मरतो. तुमच्या त्या लेबर कॅम्पच्या मागे दहा-पंधरा फूट गवत कापलं तरी खूप झालं. याला ना फौज लागते ना पैसा.

रानवाटा

ट्रेकर म्हणून एक घटना आठवण करून देतो. ११ मार्च २०१८, तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातलं कुरंगणी. डोंगरउतारावर ट्रेकर्स वणव्यात सापडले. हवाई दलाची हेलिकॉप्टरं सुलूरहून आली, गरुड कमांडो उतरले, पण वीसहून अधिक जण वाचले नाहीत. आपल्या सह्याद्रीच्या सगळ्यात जवळचं उदाहरण हे आहे. कमरेइतकं सुकं गवत, उतार, आणि घाबरलेली माणसं.

उतारावर आग वरच्या दिशेला माणसापेक्षा वेगाने धावते. म्हणून वर पळू नका. आडवं जा, खडकाळ किंवा उघडी जागा गाठा, आणि शक्य असेल तर आधीच जळून काळं पडलेल्या भागात शिरा, तिथे जळायला काही उरलेलं नसतं. ड्राय-फिटचे कपडे अंगाला वितळून चिकटतात, मार्च-एप्रिलमध्ये सुतीच घाला. टेकडीवर रोज फिरणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

पाषाणकर

बाळबोध प्रश्न आहे, पण हेलिकॉप्टरने पाणी टाकता येणार नाही का? खडकवासला आहे, पाषाण तलाव आहे.

निवृत्त सॅपर

पाषाणकर, प्रश्न रास्त आहे. हवाई दल ते करतं. एमआय-१७ खाली बांबी बकेट लटकवतात, एका खेपेला साडेतीन हजार लिटरच्या आसपास पाणी. २०१६ ला उत्तराखंडात केलं, भीमतालचं पाणी उचललं होतं. फेब्रुवारी २०१९ ला बंदीपूरला, २०२०-२१ च्या थंडीत नागालँड-मणिपूरच्या झुको खोऱ्यात, मार्च २०२२ ला सरिस्काला. या सगळ्या दिवसेंदिवस चाललेल्या, डोंगररांगा व्यापणाऱ्या आगी. वेताळ टेकडीवरचं गवत मागणीचा कागद निघेपर्यंत जळून संपलेलं असेल. शिवाय वरून पाणी टाकल्याने आगीचा जोर कमी होतो, विझवावी लागते ती जमिनीवरच्या माणसालाच. तेव्हा हेलिकॉप्टरच्या भरवशावर राहू नका.

यारा काठ

काही वर्षं मेलबर्नला होतो. फौजेचा भाग खूपच निर्णायक ठरला असं एक उदाहरण आहे, मल्लकूटा. व्हिक्टोरियाच्या टोकाचं समुद्रकाठचं गाव. सुट्टीचे दिवस, पर्यटक धरून सुमारे चार हजार लोक. ३१ डिसेंबर २०१९ ला सकाळी आभाळ रात्रीसारखं काळं झालं, मग लाल. एकमेव रस्ता बंद. लोक धक्क्यावर, पाण्याच्या कडेला जाऊन बसले. स्वयंसेवक अग्निशामकांनी जमेल तेवढं गाव राखलं आणि ऐन वेळी वारा फिरला.

त्यानंतर नौदल आलं. एचएमएएस शूल्स हे मोठं जहाज खोल पाण्यात थांबलं, लहान बोटींतून माणसं नेली. ३ जानेवारी २०२० ला हजारभर लोक कुत्र्या-मांजरांसकट जहाजावर चढले आणि दुसऱ्या दिवशी उतरले. त्याच आठवड्यात सरकारने तीन हजारांपर्यंत राखीव सैनिक बोलावण्याची घोषणा केली.

यातही तेच दिसतं. आग अंगावर आली त्या सकाळी तिथे होते ते गावातले स्वयंसेवक. नौदलाने अडकलेल्यांना सोडवलं, पण सगळे पाण्याच्या काठी जिवंत बसलेले होते म्हणून. कुठे जमायचं हे आधी ठरलेलं असणं केवढी मोठी गोष्ट आहे.

नदीकाठ

यावर पुणेकरांनी पानशेत धरण फुटून आलेला पूर विसरून कसं चालेल? जुलै १९६१. धरणाला तडे गेले आणि जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. त्यांनी धरण वाचवलं नाही, पण काही तास मिळवले. १२ जुलैला सकाळी ते फुटलं, मग खालचं खडकवासला धरण गेलं, आणि पाणी पेठांत शिरलं ते दिवसाउजेडी. रात्री शिरलं असतं तर काय झालं असतं, हे आमच्या घरात आजही बोललं जातं. नारायण पेठेतलं आमचं घर गेलं. आजी सांगायची, कुणी अधिकृत येऊन सांगितलं नाही, दूध घालणारा गल्लीतून ओरडत गेला म्हणून आम्ही निघालो. आणि संध्याकाळी आणखी पाणी येतंय अशी आवई उठली, तेव्हा लोक पुन्हा जीव घेऊन पळाले.

जवानांनी मिळवलेले ते तास गल्लीपर्यंत पोचवायला यंत्रणा नव्हती. फोर्ट मॅकमरेत ती पोचली, फरक तिथे पडला. तिथले अग्निशमन प्रमुख डार्बी अॅलन रोज लोकांसमोर येऊन बोलत होते, आग कुठवर आली, कुठली वस्ती गेली, सगळं. वाईट बातमीसुद्धा. म्हणून अफवेला जागा उरली नाही.

तर्कनिष्ठ

लेबर कॅम्पचा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला होता. वेताळपायथा आणि मावळची लेक, दोघांचंही बरोबर आहे. मग बोलण्यापुरतं न ठेवता ठरवू या. माझ्या मते सोसायट्यांच्या कवायतीपेक्षा आधी टेकडीलगतच्या कॅम्पमागचं गवत कापून घेणं. बिल्डरच्या साईट इंजिनिअरशी बोलायला मी येतो, माझं काम त्याच क्षेत्रातलं आहे.

निवृत्त सॅपर

उत्तम. मी रविवारी सकाळी बावधन-सूस बाजूने पायी रेकी, म्हणजे पाहणी, करतो, सोबत कोण येतंय? तीन गोष्टी टिपायच्या. कॅम्पमधून बाहेर पडायच्या वाटा किती, सिलिंडर कुठे ठेवतात, आणि अग्निशमनची गाडी कुठपर्यंत जाते. आपल्याच लावलेल्या गाड्यांमुळे ती जिथे अडेल तिथे खूण करून सोसायट्यांना दाखवू. वन खात्याचा हॅलो फॉरेस्ट क्रमांक १९२६ आणि अग्निशमनचा १०१ कॅम्पच्या दारावर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यायचे. कागद चिकटवू नका, उन्हात आठवड्यात उडतो.

मावळची लेक

काका, मी येते. कोयते आणि गवत कापणारी चार माणसं गावाकडून आणते, त्यांची मजुरी मात्र द्यायची हां. गवत पहाटे दंव असताना कापायचं, कुसळं कमी टोचतात आणि ठिणगीचं भय नाही. कापलेलं तिथेच ढीग करून ठेवू नका, गोठ्यावाल्यांना द्या.

वेताळपायथा

मजुरी माझ्याकडून. सूचना सोप्या भाषेत लिहितोय: आग दिसली तर सिलिंडरचा कॉक बंद, मुलं बरोबर, सामान सोडा, रस्त्याच्या बाजूला मोकळ्या मैदानात जमा. मराठी आणि हिंदी तयार आहे. मुकादमाने सगळ्यांसमोर वाचून दाखवावी असं करू, कारण अनेकांना वाचता येत नाही.

एडमंटनवासी

त्यात औषधाचं रिकामं पाकीट खिशात ठेवा एवढं वाढवा. आणि बाळंतीण किंवा आजारी कोण कोणत्या खोलीत आहे, ते मुकादमाला पाठ असू द्या.

पाषाणकर

आमच्या मागच्या कॅम्पमध्ये कलबुर्गीकडची बरीच मंडळी आहेत. कन्नड माझी आई लिहून देईल, आज रात्री पाठवतो. काही कुटुंबं छत्तीसगडची आहेत, छत्तीसगढी येणारं इथे कुणी असेल तर प्लीज सांगा.